उमरखेडीच्या टाकीवरचा डबा

जुलैच्या एकतीस तारखेला सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी बिल्कीसनं एक बटण दाबलं, आणि चौदा किलोमीटरवरचं उमरखेडी तिच्या पडद्यावरून नाहीसं झालं. हिरवा ठिपका आधी पिवळा झाला, मग लाल. डबा बंद होऊन नव्यानं सुरू होतो तेव्हा असं होतंच, दीडेक मिनिट लागतं, म्हणून ती हनुवटीला हात लावून बसून राहिली. दीड मिनिट झालं, तीन झाली, सात झाली. ठिपका लालच होता. 

दर्यापुरात जुन्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत तिच्या सासऱ्यांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत बद्रुद्दीन अब्बांची खाट आणि खाटेच्या पायथ्याशी बिल्कीसचं टेबल. त्या टेबलावरच्या लॅपटॉपमधून ती आसपासच्या एकोणीस जोड्या सांभाळायची. जोडी म्हणजे समोरासमोर तोंडं केलेल्या दोन डिश. एक दर्यापुरात चारमजली इमारतीच्या गच्चीवर, दुसरी गावातल्या पाण्याच्या टाकीवर. प्रत्येक डिशच्या पाठीला एक पांढरा डबा. मधे तार नाही, खांब नाही; हा डबा त्या डब्याशी हवेतून बोलतो आणि त्या बोलण्यावर गावातलं सेवा केंद्र चालतं. कोणत्या डब्याला कमी ऐकू येतंय, कोणती डिश वाऱ्यानं तिरपी झाली, कोणाच्या जोडात पाणी शिरलं, हे सगळं बिल्कीसला घरबसल्या आकड्यांत दिसायचं. गल्लीतल्या बाया चेष्टा करायच्या की बिल्कीस इथून डोळा मिचकावते अन् तिकडं अंजनगावात नेट सुरू होते.

वर चढायचं काम तिच्या नवऱ्याचं, साजिदचं. दोन वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याकडच्या एका टाकीवरून तो पंधरा फूट घसरला होता. जीव वाचला, पण डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलं आणि बिल्कीसची झोप जी गेली ती गेलीच. बारावी शिकलेली बाई, पण तेव्हापासून तिनं त्याच्याकडून खोदूनखोदून हे काम शिकून घेतलं. मनाशी एकच धरलं होतं: जो बिघाड टेबलावरून निघेल, तो साजिदच्या पायापर्यंत जाऊ द्यायचा नाही. अशी तिनं त्याची किती चढणी वाचवली याचा हिशेब तिच्याकडे नव्हता, पण रोज संध्याकाळी तो दोन्ही पायांवर घरी आला की तिला आपण काही केल्यासारखं वाटायचं.

आणि आज तिनं स्वतःच्या हातानं घाण केली होती.

अकोल्याच्या केदारभाऊंचं सगळं जाळं होतं. पगार तेच द्यायचे. त्यांचा हुकूम होता की सगळ्या जोड्यांचे पासवर्ड महिनाअखेरपर्यंत बदलायचे. दोन्ही डब्यांचा पासवर्ड सारखा असेल तरच ते एकमेकांना ओळखतात. मात्र उमरखेडीला एकतीस तारीख उलटेपर्यंत हात लावायचा नाही, हेही त्यांनी बजावलं होतं. त्या वर्षी जूनमध्ये लोकांनी पेरलं, मग पंचवीस दिवस पाऊस दिसला नाही, कोंब मातीतच करपले. दुबार पेरणी केली तर आता आठ दिवसांपासून झड लागलेली. एका पावसाळ्यात दोनदा मार खाल्लेल्या लोकांना पीकविमा भरून ठेवायचा होता आणि त्याची आज शेवटची तारीख होती. पाच गावांची माणसं उमरखेडीच्या केंद्रापुढं पहाटेपासून नंबर लावून उभी होती.

बिल्कीसच्या यादीत अठरा गावांपुढं बरोबरची खूण झाली होती. एकोणिसावं तेवढं राहिलं होतं. आता हिला काय घाई होती? पण अर्धवट यादी डोळ्यांत खुपते तशी तिला खुपली. दोन मिनिटांचं काम, असं म्हणून तिनं लांबच्या डब्याचा पासवर्ड टाकला. लिहिताना नुसते ठिपके दिसतात, अक्षर दिसत नाही. टाकल्यावर दोन बटणं येतात. एक 'टेस्ट'चं. ते दाबलं आणि काही चुकलं, तर तीन मिनिटांनी डबा आपोआप जुन्यावर परततो. दुसरं 'अप्लाय'चं. ते दाबलं की परतीची वाट नाही. अठरा वेळा तिनं टेस्ट दाबलं होतं. एकोणिसाव्या वेळी हात सरळ अप्लायवर गेला, आणि दर्यापुरातल्या डब्याला दिलेला पासवर्ड मग त्याच्याशी जुळेना. एखादं अक्षर मोठ्याचं छोटं झालं असेल, नाहीतर एक जास्तीचं पडलं असेल; काय पडलं ते आता त्या डब्यालाच माहीत.

साडेदहाला केदारभाऊंचा फोन आला.

"वहिनी, उमरखेडी का बंद आहे? खुशालराव बोंबलतोय तिथल्या केंद्रातून. तुम्ही काही केलं का?"

मागच्या महिन्यात तिच्या हातून एका गावाची जोडी अर्धा दिवस बंद पडली होती. तेव्हा भाऊ म्हणाले होते, आणखी एकदा असं झालं की हे घरून बघणं बंद. अकोल्याच्या ऑफिसात माणूस बसवतो, साजिदनं फक्त चढायचं. अकोल्याचा माणूस काय करणार हे बिल्कीसला ठाऊक होतं. जरा ठिपका पिवळा झाला की तो म्हणणार, साजिद, चढून बघ.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "डबा गेला वाटते वरचा. रात्री इजा चमकत होत्या."

"जळला?"

"हौ. जळलाच असन."

"मग साजिदला नवीन डबा घेऊन पाठवा ताबडतोब. आणि मला दुपारपर्यंत गेल्या महिनाभराची नोंद पाठवा, कंपनीकडून बदलून घेता येतो का बघतो."

फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की अब्बा खाटेवर उठून बसलेत. बद्रुद्दीन अब्बा जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. कापसाच्या धुळीनं छाती गेलेली, पण कान शाबूत.

"सच्ची जल गया क्या बेटा?"

"हौ अब्बा," ती म्हणाली, आणि पडद्याकडं पाहत राहिली.

खरं म्हणजे हे दुरुस्त करायला वर चढायची गरजच नव्हती. टाकीवरच्या डब्यातून एक तार खाली केंद्रात येते. ती तार लॅपटॉपला जोडली, बरोबर पासवर्ड टाकला की पाच मिनिटांत जोडी जुळते. पण तसं सांगायचं म्हणजे डबा जळला नाही हे सांगायचं, आणि मग कोणी बिघडवला हेही सांगायचं. बिल्कीसनं मनाची समजूत घातली. साजिद त्या टाकीवर वीसदा तरी चढला असेल. नवा डबा लावेल, जोडी जुळेल, कोणाला काही कळणार नाही. पुढं ती जन्मात टेस्टशिवाय बटण दाबणार नाही.

बोलावल्यावर साजिद दुरुस्तीला टाकलेली गाडी घेऊन गॅरेजवरून आला. अंगावर रेनकोट, पायात रबरी बूट.

"काय झालं?"

"उमरखेडीचा डबा जळला."

घरात त्यांचं बोलणं हिंदीत चालायचं, पण कामाचं म्हटलं की दोघंही वऱ्हाडीवर यायची. फोनवर बोलताना साजिदच्या भोवती नेहमी गावची माणसं असायची, आणि त्याचं म्हणणं असं की त्यांच्यासमोर आपण आपल्या बोलीत बोललो की त्यांना वाटते, काही लपवून राहिले. त्यातून ही सवय लागली होती.

"तार पाहू का आधी खालून?" त्यानं विचारलं.

एवढा एक क्षण होता. बिल्कीसनं नवा डबा टेबलावर घेतला, त्याला केबल लावली, मान वर केली नाही.

"मीनं पाहिलं सारं. वरचंच हाय."

"तू म्हनते त मंग वरचंच असन," साजिद म्हणाला. त्यानं बिस्किटं चहात बुडवून खाल्ली, दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकलं, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पोटाशी घेतला आणि गेला. त्याचा तो विश्वास बिल्कीसला एखाद्या शिवीपेक्षा जास्त लागला.

साडेबाराला त्याचा फोन आला. नाल्याला पूर होता. पलीकडं जायला तासभर थांबावं लागलं. सव्वाला पुन्हा आला. गाडी डांबरी सडकेवर उभी करून तो काळ्या गाऱ्यातून पायी निघाला होता. बूट दोन पावलांत मणाचे होतात, ओढून काढावे लागतात, असं सांगत होता. मागं पाऊस वाजत होता. दोनला म्हणाला, "पोहोचलो. लोक मले पाहून असे उठले की जसा नवरदेव आला. दहा मिन्ट दम घेतो अन् चढतो. फोन खालते कोनाजोळ देऊन ठेवतो."

चढताना तो फोन कधीच जवळ ठेवायचा नाही. एकदा वर असताना फोन वाजला, हात खिशाकडं गेला, आणि तेल्हाऱ्याचं ते पंधरा फूट झालं.

बिल्कीसनं मग नोंद उघडली. केदारभाऊंना पाठवायची होती. तिच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक जोडीचा मिनिटामिनिटाचा जमाखर्च लिहिला जायचा, जोडी बंद असली तरी मागचं सगळं शाबूत. ती शोधत होती काहीतरी जुनं दुखणं. डबा आधीपासूनच आजारी होता असं दाखवता आलं तर बरं, एवढाच हेतू. म्हणजे एका खोट्याला टेकू लावायला ती दुसरं खोटं हुडकत होती.

आणि दुखणं सापडलं. हवेतलं बोलणं महिनाभर ठणठणीत होतं, पण डब्यातून खाली केंद्रात जाणारी तार मधेच तुटत होती. तुटली, जुळली, तुटली, जुळली. तासनतास हेच. मग एकदम शांत. हे केंद्रात कोणाला जाणवलं नव्हतं, कारण एका सेकंदात पुन्हा जुळायची. तिनं वेळा पाहिल्या. तीन वाजून दोन मिनिटांपासून सात वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तीन वाजून एक मिनिट. मधल्या आठवड्यात रात्री दहापासून दोनपर्यंत. पुन्हा पुढच्या आठवड्यात दुपारचे तीन.

"अब्बा," ती म्हणाली, "तीन फेजची लाइन उमरखेडीत कव्हा येते?"

"एक हफ्ता दिन में, एक हफ्ता रात में. सब तरफ वैसाच है. क्यों?"

"लाइन आली की टाकीवरच्या डब्याची तार तुटते. लाइन गेली की ठीक होते."

अब्बांनी पाय खाटेवरून खाली सोडले. "टाकी की मोटर चालू होती ना उस टाइम?"

"हौ, लाइन आली की मोटर सुरू."

"और पाइप सीढ़ी के साथ ऊपर गया है? लोहे का?"

बिल्कीसनं ती टाकी कधी पाहिली नव्हती, पण साजिदनं काढलेले फोटो तिच्याकडं होते. तिनं एक उघडला. टाकीच्या खांबाला लागून लोखंडी शिडी, शिडीला लागून लोखंडी पाइप, दोन्हीला एकच पट्टी आवळलेली. पाइपाच्या बाजूनंच डब्याची काळी तार.

अब्बांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.  "मोटर का केबल कहीं छिल गया होगा. करंट पाइप में आता, पाइप से सीढ़ी में. सूखे में पता नहीं चलता बेटा. बारिश में आदमी चिपक जाता." मग त्यांनी विचारलं, "साजिद कहाँ है अभी?"

घड्याळात दोन सदतीस झाले होते. हा आठवडा दिवसाचा होता.

तिनं साजिदला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. खुशालरावांना लावला, तेच केंद्र चालवायचे; त्यांचा फोन दुसऱ्या कोणाशी गुंतलेला. पुन्हा साजिदचा. बिल्कीसची बोटं चुकीच्या जागी पडत होती. चौथ्यांदा कोणीतरी उचलला.

"हालो. कोन?" बाईचा आवाज, रांगडा, मागं पाऊस.

"मी साजिदची घरची बोलून राहिली. त्यायले द्या फोन."

"तो वर हाय वं बाई. फोन मायाजोळ देऊन गेला, भिजन म्हने. मी चतुराबाई. पाहाटपासून नंबर लावून उभी हावो."

"किती वर गेले?"

"टोकावर पोहोचला. डिशीपाशी बसून काही करून राहिला."

वर सिमेंटचा स्लॅब होता. स्लॅबवर असेल तोवर बरं. पण काम झालं की तो शिडीवर येणार.

"चतुराबाई, आयका. त्यायले सांगा काम सोडा अन् आत्ताच्या आत्ता खाली या. तीनले मोटर सुरू झाली की त्या शिडीत करंट येते."

"अगं माय!" चतुराबाई ओरडली, आणि मग फोन स्पीकरवर गेला असावा, कारण अचानक खूप माणसं ऐकू यायला लागली. त्यांतून एक ओळखीचा आवाज पुढं आला.

"वहिनी, खुशालराव. अवो दीडशे लोक उभे हायेत अथी. डबा जळला म्हनता, मंग बदलल्याबिगर कसं चालन? पंधरा मिन्टाचं काम. तीनच्या आत उतरते तो. अन् आम्ही त कधी आयकलं नाही बाप्पा करंट-बिरंट."

"लाइन घड्याळ पाहून येते का खुशालराव? मायापाशी लिहिलं हाय. मागं एकदा दोन एक्कावन्नलेच आलती."

"असं करू, तेवढा डबा लावू द्या—"

मागून कोणी म्हणालं, आज तारीख गेली त कोन भरून देईन? आणखी दोघं-तिघं तेच बोलले. ती माणसं वाईट नव्हती. दोनदा पेरलेलं रान त्यांच्या पाठीशी होतं आणि पुढं एक बंद पडलेलं यंत्र होतं. बिल्कीसनं डोळे मिटले. केदारभाऊ, नोकरी, अकोल्याचा तो माणूस, सगळं एकदम डोक्यात आलं आणि एकदम निघूनही गेलं.

"डबा जळला नाही," ती म्हणाली.

"काय?"

"डबा जळला नाही! धडधाकट हाय. मीनं सकाळी पासवर्ड चुकीचा टाकला, मायाच हातानं बिघडला तो. मी भाऊंले खोटं बोलली, त्यायलेही खोटं बोलली. वर चढायचं कामच नाही. खालच्या तारेतून पाच मिन्टात सुरू होते. आता त खाली बोलवा त्यायले!"

चतुराबाई गर्दीला मागं सारत टाकीकडं निघाल्याचं ऐकू आलं.  इकडं अब्बा खाटेवरून तिच्याकडं पाहत होते, त्यांची नजर तिला पाठीवर कळत होती.

"दोर लटकून असन खालते," बिल्कीस म्हणाली. "वर असले की ते कोनाच्या हाकेले ओ देत नाहीत. तीनदा दोर ओढा. तीनदा म्हंजे खाली या, हे त्यायले ठाऊक हाय."

चतुराबाईनं दोर ओढला असावा. तिचं 'एक, दोन, तीन' फोनमधून आलं. मग ती म्हणाली, "पाह्यते हाय खालते. हौ, उठला. निंगाला बाई, उतरून राहिला."

बिल्कीसनं घड्याळाकडं पाहिलं. दोन सत्तेचाळीस. त्या शिडीला बासष्ट पायऱ्या होत्या. एकदा तिनं विचारून घेतल्या होत्या. ओल्या पायऱ्यांवर, मनगटाच्या त्या हाडानं, सात-आठ मिनिटं लागणार. म्हणजे स्लॅबवर बसलेल्या माणसाला तिनंच उठवून लोखंडावर आणलं होतं. वरच थांबा म्हणायला हवं होतं. एवढंही सुचलं नाही आपल्याला, असं तिला झालं, आणि आता तर तो मधोमध होता; वर जायला तेवढंच अंतर, खाली यायला तेवढंच.

"चतुराबाई! मोटर! मोटरचा ऑटो बंद करा!"

ऑटो म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारी पेटी. खेड्यात घरोघरी असते, म्हणजे रात्री-बेरात्री विहिरीवर जायला नको.

"पुंजारामजोळ हाय किल्ली," खुशालराव म्हणाले. "पाणी सोडते तो. वावरात गेला असन."

"कायची किल्ली?" चतुराबाईचा आवाज आला. "दाराले तार गुंडाळून ठेवते तो. मले का ठाऊक नाही? सरका."

फोन तिच्या हातातच राहिला होता. बिल्कीसला तिचं धापा टाकणं ऐकू आलं, गाऱ्यात पाय रुतून निघाल्याचा चपचप आवाज, कोणीतरी मागून म्हणालं, "मावशे, ओल्या हातानं नको." मग पत्र्याचं दार करकरलं.

"तिथं हात लावू नका," बिल्कीस ओरडली. "आयकू येते का? चतुराबाई, काही कोरडं घ्या, लाकूड घ्या!"

"मी वीस वर्सांपासून मोटर चालू-बंद करतो बाई. चप्पल हाय रबराची. हातात घेतली." आत काहीतरी चाचपल्याचा आवाज आला. "अंधार हाय अथी. कोनतं बटन हाय कायमालूम... लाल हाय का हिरवं..."

आणि त्याच वेळी लांबून, केंद्राच्या बाजूनं, एक गिल्ला उठला. "आली! लाइन आली!" लाइन आली की खेड्यातली माणसं ओरडतातच, लहानपणापासूनची सवय असते, आणि त्या दीडशेंतल्या कितीकांच्या तोंडून ते नुसतं सवयीनं निघालं असेल. पाठोपाठ पिठाची गिरणी सुरू झाल्याचा आवाज.

फोनमध्ये एक खट् झालं आणि सगळं बंद पडलं.

बिल्कीसनं पुन्हा फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' खुशालरावांचा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पडद्यावर उमरखेडीचा लाल ठिपका होता तिथंच होता. एकोणीस गावांचं सगळं दिसायचं तिला, कोणत्या डब्याला किती ऐकू येतं ते दिसायचं, आणि एक माणूस शिडीवर आहे की शिडीखाली पडला आहे एवढं दिसत नव्हतं. अब्बा खाटेवरून उतरले, भिंत धरत धरत तिच्यापर्यंत आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. ओठ हलत होते, दुआ मागत असतील. बिल्कीसला दुआही आठवत नव्हती. मीच मारलं, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

दोन चौपन्नला फोन वाजला. साजिदचा नंबर.

तिनं उचलला. तिकडून बोलणारं दुसरं कोणी असेल तर, या भीतीनं तिनं 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

"बिल्कीस."

त्याचाच आवाज होता.

"बोल ना. हावो मी. फोन पान्यात पडला होता म्हातारीच्या हातून. मोटर बंद हाय."

बिल्कीस रडायला लागली. अब्बांनी तिच्या हातून फोन घेतला, "साजिद? नीचे है? पाँव जमीन पे है?" असं दोनदा विचारलं, आणि मग तेही खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसले.

तार केंद्रातल्या लॅपटॉपला लावून साजिदनं पासवर्ड विचारला. तिनं एकेक अक्षर सांगितलं, त्यानं एकेक अक्षर परत म्हणून दाखवलं. इतकं कोरडं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं. तीन वाजून नऊ मिनिटांनी उमरखेडीचा ठिपका हिरवा झाला. तिकडं लोक पुन्हा ओरडले. चतुराबाईचा नंबर पहिला घ्या म्हणून खुशालराव कोणाला तरी दटावत होते.

केदारभाऊंना ती बातमी बिल्कीसच्या आधीच पोचली होती. चारला त्यांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही. "वहिनी, उद्यापासून अकोल्यातून बघू आपण," एवढं म्हणाले. शिडीचं त्यांना तिनं सांगितलं, दोनदा सांगितलं, वेळा वाचून दाखवल्या. "हो, ग्रामपंचायतीला कळवायला सांगतो," ते म्हणाले, आणि ठेवून दिला.

साजिद दिवस बुडायच्या आत घरी आला. कमरेपर्यंत चिखल, डोळे लाल. आंघोळ करून जेवायला बसला. बिल्कीसनं भाकरी वाढली, वरण वाढलं, आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मीनं तुमाले मारलं असतं आज," ती म्हणाली.

साजिद भाकरी मोडत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "शिडीचं मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"झणझणते ते. जूनमंदी दोनदा लागला हाताले. म्हनून तीनच्या आत उतरतो मी तिथून."

बिल्कीसला आधी त्याचा अर्थच लागेना. "अन् मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं त तू चढू देली असती का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "अन् नाही चढलो त भाऊ मले कायचे पैसे देईन?"

बाहेरच्या खोलीत अब्बा खोकत होते. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता, उद्या तो अकोल्याला जमा करायचा होता. एकोणीस गावांच्या नोंदी त्यात होत्या, आणि आजच्या आधी बिल्कीसनं त्या कधी त्या नजरेनं वाचल्या नव्हत्या.

"आनखी कोन्या टाकीवर झणझणते?" तिनं विचारलं.

"जेव ना तू."

"कोन्या गावात? सांगा मले."

साजिदनं घास खाली ठेवला. तिच्याकडं न पाहता तो एकेक गावाचं नाव घेऊ लागला. सातव्या नावापाशी तो पाणी प्यायला थांबला, आणि तांब्या खाली ठेवून पुढची नावं सांगू लागला.